रकाना भरून फसवणूक थांबत नसते

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्ममध्ये यंदा एक नवीन रकाना टाकायचं घाटतंय. ‘कुटुंबात कोणास मानसिक आजार आहे/होता का? असल्यास नाते.’ शिक्षण, उंची, मामेकूळ, शेती बागायत का कोरडवाहू, या सगळ्याच्या खाली. आणि हे काही कमिटीच्या कपाटात राहणार नाही, छापील परिचय पुस्तिकेत येणार, जी जळगाव-धुळ्यापासून पार सुरत-उधन्यापर्यंत घरोघर जाते आणि वर्षानुवर्षं टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून असते. ग्रुपवर यावरून नुसतं रान पेटलंय. एक पार्टी म्हणते लोक आजार लपवून पोरगं पोरीच्या गळ्यात मारतात, रकाना पाहिजे म्हणजे पाहिजे. दुसरी पार्टी, शिकलेली, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी, ती म्हणते अहो मानसिक आजार म्हणजे शुगर-बीपीसारखंच, रोज एक गोळी घेतली की माणूस नॉर्मल, त्यात विचारायचं काय आणि लपवायचं काय. मला दोन्हीकडचं पटत नाही. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या पार्टीचा जास्त राग येतो, कारण ती माझ्या बाजूची आहे आणि असली लेचीपेची कारणं देऊन हरणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रकाना नको. ज्याचं लग्न होतंय त्याला स्वतःला आजार असेल तर त्याने तो समोरच्या मुलीला किंवा मुलाला, बैठकीच्या आधी, स्वतःच्या तोंडाने सांगितलाच पाहिजे, यात माझ्याकडून कसलीही सूट नाही. पण आई-बापाचा, मामाचा, आत्याचा आजार पुस्तिकेत छापायला लागलात तर लपवाछपवी कमी होणार नाही, वाढेल, आणि ती लपवाछपवी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भोगतं ते घरातलं लेकरू, ज्याच्याबद्दल या सगळ्या वादात एकाही माणसाने एक ओळ लिहिलेली नाही.

आता माझं घर सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण शिकवणारी. माझ्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, स्किझोफ्रेनिया होता, नसलेले आवाज ऐकू येतात आणि नसते संशय येतात तो आजार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सुरू झाला, पुस्तकं टाकून गावी आले, मोठ्या मायनं म्हणजे आजीनं भगत केला, उतारे झाले, शेवटी कोणीतरी जळगावला डॉक्टरकडे नेलं आणि गोळ्यांनी माणूस बऱ्यापैकी ताळ्यावर आला. ताळ्यावर आल्याबरोबर भाऊबंदांनी ठरवलं, “लगीन करी द्या, सुधरी जाई.” आईच्या माहेरी सांगितलं पोरगा जरा अबोल आहे. आईला खरं कळलं ते लग्नानंतर, कणगीमागच्या डालड्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली तेव्हा, आणि त्या पाकिटांतल्या बऱ्याचशा गोळ्या तशाच होत्या, कारण नव्या बायकोसमोर गोळ्या खायच्या कशा म्हणून आप्पांनी लग्नाच्या आठवड्यातच त्या सोडलेल्या. वर्षाच्या आत सगळं पुन्हा उसळलं. तेव्हा मी पोटात होते. त्यामुळे ग्रुपवर कोणी “फसवलेल्या पोरींचं काय?” असं विचारलं की मला कल्पना करायची गरज पडत नाही, ती पोरगी माझी आई आहे. मी त्या फसवणुकीतूनच जन्माला आलेय.

आणि तरीही मी रकान्याच्या विरोधात आहे, का ते बघा. जो माणूस सोयऱ्यांच्या तोंडावर “जरा अबोल आहे” म्हणू शकतो त्याला कागदावर ‘नाही’ लिहायला किती वेळ लागेल? त्या रकान्यात खरं कोण लिहिणार? जो आधीच खरं बोलणारा आहे तो. म्हणजे शिक्षा प्रामाणिक माणसाला आणि खोटं बोलणारा मोकळा, उलट त्याच्या हातात आता छापील पुरावा, बघा आम्ही ‘नाही’ लिहिलंय. पण याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ‘नाही’ खरं ठेवायचं असेल तर सोपा मार्ग कोणता? डॉक्टरकडे न्यायचंच नाही. कागद नाही तर आजार नाही. आपल्याकडे आधीच पोरगं बडबडायला लागलं, खोलीत कोंडून घ्यायला लागलं तर दोन-दोन वर्षं बाहेरचंच बघत बसतात, त्यात “पुस्तिकेत लिहावं लागेल” ही भीती टाका आणि बघा काय होतं ते. या आजारात पहिल्यांदा डोकं बिघडल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जेवढा काळ जातो तेवढं नंतर सावरणं अवघड होत जातं, हे डॉक्टर लोकांना पक्कं माहीत आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याचा सर्व्हे केला, त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं. अशा देशात आपण आणखी एक कारण देतोय लोकांना, डॉक्टरपासून लांब राहायला.

हे आपण एकदा करून बघितलंय. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या माणसांनी घराघरात घुसून रोगी हुडकले, काय झालं? शाळेत आपण रँडच्या खुनापर्यंतच शिकतो, २२ जून आणि चापेकर बंधू, पण त्याआधीचं चित्र बघा की, लोक तापाने फणफणलेलं माणूस माळ्यावर लपवत होते, मयत लपवत होते, रोगापेक्षा तपासणीला घाबरत होते, आणि प्लेग काही पुणं सोडून गेला नाही. एवढं लांब कशाला, २०२० साली घराला पत्रे ठोकतील म्हणून किती जणांनी खोकला दाबून धरला ते आपण सगळ्यांनीच बघितलंय. ज्या आजाराची नोंद म्हणजे बदनामी, तो आजार लोक लपवणारच, त्यात अमुक समाज तमुक समाज असं काही नसतं.

बरं, फसवणुकीला कायदा नाही असंही नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सोय आहे, महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं असेल तर कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं, फक्त फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं आणि कळल्यावरही नांदत राहिलं तर मग तो दावा टिकत नाही. यावर कोणीही म्हणेल की ताई, पोटुशी बाई, माहेरी धाकट्या बहिणी लग्नाच्या, ती कुठली कोर्टात जातेय. मान्य. माझी आई पण गेली नाही. पण मग दुखणं हे आहे की पोरीला माघारी यायला जागा नाही, आणि त्यावर रकान्याचा काही इलाज नाही. तिथे मेळाव्याच्या कमिटीला काही करायचं असेल तर फसवलेल्या पोरीला वकील बघून द्या, तिच्या बापाला दोन माणसं घेऊन जाऊन समजावा, तिच्या बहिणींची स्थळं अडणार नाहीत एवढं बघा. ते अवघड आहे म्हणून आपण फॉर्म छापतो.

त्याच कायद्याची अजून एक गंमत सांगते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यातल्या लग्नाच्या अटींमध्ये वेडाबरोबर मिरगी पण घातली, फिट येणाऱ्या माणसाचं लग्न सुद्धा त्यामुळे अडचणीत यायचं. ती मिरगी १९९९ साली काढली. महारोग घटस्फोटाचं कारण होता, तो २०१९ साली काढला. आपल्या आज्या फिट आली की नाकाला चप्पल लावायच्या, महारोग्याला गावाबाहेर झोपडी असायची, आणि त्या काळी सुद्धा शहाणी माणसं हेच म्हणत होती की पोरीच्या भल्यासाठी विचारून घेतलेलं बरं. औषधं आली, लोकांच्या नजरेसमोर माणसं बरी झाली, कायदा पण मागून हळूहळू आला. स्किझोफ्रेनिया मात्र घटस्फोटाच्या कलमात अजून नाव घेऊन बसलेला आहे. पण तिथेही सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच सांगितलं की नुसतं डॉक्टरने लिहिलेलं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती आहे, त्याच्याबरोबर संसार होण्यासारखा आहे का नाही हे बघावं लागेल. म्हणजे ज्या कोर्टापुढे पुरावे येतात, साक्षी होतात, ते कोर्ट सुद्धा नुसत्या नावावर निकाल देत नाही, आणि आमची कमिटी एका ओळीच्या रकान्यावर देणार.

आता रकानावाल्यांचं सगळ्यात दमदार म्हणणं, आजार रक्तात येतो. हे खोटं आहे असं म्हणणारे माझ्या बाजूचे लोक मला आवडत नाहीत. येतो, काही अंशी येतो. आई किंवा बाप यापैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास धरतात, एरवी ती शंभरात एकाच्या आसपास असते. दहापट आहे, कमी नाही. पण तोच आकडा उलटा वाचा ना, आजारी बापाच्या शंभर पोरांपैकी नव्वदच्या आसपास पोरांना तो होत नाही. एकाच बीजाची जुळी भावंडं, रक्त तंतोतंत एक, तिथेही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या खालीच राहतं. आणि ज्यांना हा आजार होतो त्यातल्या बहुतेकांच्या आई-बापांना तो नसतोच. म्हणजे तुमचा रकाना ज्याला होणार नाही अशा पोराला अडवणार आणि ज्याला होणार आहे त्याला सोडून देणार. त्यात वयाचा घोळ वेगळाच. पोरांमध्ये हा आजार बहुतेक वेळा अठरा ते पंचवीस-तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, बायांमध्ये जरा उशिरा, काहींना तर चाळिशीनंतर. चोविसाव्या वर्षी भरलेला फॉर्म कशाची गॅरंटी देणार? माझी मुलगी दहावीला आहे, तिने एकदा सरळ विचारलं मला पण होईल का. मी तिला हेच आकडे सांगितले, आणि नातवंडांना धोका अजून कमी, शंभरात तीन ते पाचच्या आसपास, आणि सांगितलं की गांजाच्या वाटेला जायचं नाही कारण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना तो फार महाग पडू शकतो, आणि महिनाभर झोप उडाली, माणसं आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटायला लागलं, तर लाजायचं नाही, मला सांगायचं. ती म्हणाली ठीक आहे, आणि मोबाईल घेऊन बसली.

काही जण याच्याही पुढे जातात, म्हणतात अशांनी पोरंच जन्माला घालू नयेत. हे बोलताना आपण कोणाच्या पंगतीला बसतोय ते तरी माहीत पाहिजे. हिटलरच्या जर्मनीत १९३३ साली नसबंदीचा कायदा आला, त्यातल्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, आधी लाखोंच्या नसबंद्या केल्या, मग दवाखान्यांतली माणसंच मारली. युद्धानंतरच्या दशकांत जर्मनीतला स्किझोफ्रेनिया काही संपला नव्हता.

शुगर-बीपीवाल्या मंडळींकडे आता येते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण शुगरचा पेशंट बायकोला “तू भाजीत काय टाकलंस” असं विचारत ताट फेकत नाही. आमच्या घरी हे झालेलं आहे. शेताच्या कडेला लाईटीची डीपी होती, तिच्या घरघरीतून आप्पांना माणसं बोलताना ऐकू यायची, कोणाला जमीन विकायची, कोणाला कुठे गाठायचं असले बेत चाललेले. रात्री लाईट गेली की सगळं गाव एमएसईबीला शिव्या घालायचं आणि आमच्या घरात आप्पा शांतपणे भाकर खायचे, कारण डीपी बंद. आजही लोडशेडिंगच्या गप्पा निघाल्या की मला ते जेवण आठवतं. हे असं जगलेल्या माणसाला कोणी “एक गोळी घ्या, नॉर्मल” असं सांगितलं तर त्याला एवढंच कळतं की या माणसाच्या घरात आजार नाही. आणि गोळ्याही काय साध्या आहेत? आवाज कमी व्हायचे, पण हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची, चालणं ताठ लाकडासारखं, मग त्या थरथरीवर अजून एक गोळी. गावाला डीपीमधली माणसं दिसत नव्हती, लाळ दिसत होती, म्हणून गावाचं मत झालं की डॉक्टरच्या गोळ्यांनीच माणूस खलास केला. गोळ्या सोडायचा सल्ला देणारे शंभर आणि सोडल्यावर रात्री धावून येणारं कोणी नाही.

अजून एक, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. सिनेमा बघून लोकांना वाटतं हा आजार म्हणजे एका अंगात दोन माणसं, नाहीतर हातात सुरा. आमच्याकडे या आजाराचा सगळ्यात मोठा भाग होता नुसतं बसणं. आवाज गोळ्यांनी आटोक्यात आले तरी आप्पा दिवस-दिवस ओट्यावर बसून असायचे, अंघोळ सांगून, जेवण सांगून, कापूस वेचणीची लगबग चाललीय आणि हे एका बिडीवर तास काढतायत. काका म्हणायचे कामचुकार आहे, सोंग करतो. तो आळस नव्हता, उत्साह आणि इच्छा मारून टाकणं हाही या आजाराचाच भाग आहे आणि गोळ्या त्यावर फारसं काही करत नाहीत. हाच माणूस चांगल्या दिवसांत कापसाचं बोंड चिमटीत घेऊन दोन अंगठ्यांमध्ये ओढायचा आणि धागा किती भरेल ते बोलून टाकायचा, व्यापारी वजनाआधी त्याच्याकडे बघायचे. हे दोन्ही आप्पाच. ओट्यावरच्या आप्पांना गावाने आळशी ठरवलं आणि डीपीवाल्या आप्पांना वेडा, आजारी कोणीच म्हणालं नाही.

हिंसेचं काय, असं विचारणारच. उत्तर टाळणार नाही. उपचार नसताना, त्यात दारू असेल तर जास्तच, धोका एरवीपेक्षा वाढतो हे खरं आहे, आणि वार झालाच तर तो बहुतेक घरच्यांवर होतो हेही खरं. पण बहुतेक पेशंट कोणावर हात उचलत नाहीत, समाजातल्या एकूण मारामाऱ्या-खुनांमध्ये त्यांचा वाटा फार थोडा आहे, उलट मार खाणारे, लुबाडले जाणारे तेच जास्त, आणि शंभरातले साधारण पाच जण आत्महत्येने जातात. तालुक्याला दारू पिऊन बायकोचं डोकं फोडणारे किती आहेत मोजा, त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये ‘निर्व्यसनी’ असा एक शब्द आहे, जो सगळेच लिहितात. बांधून ठेवा म्हणणाऱ्यांना २००१ चं एरवाडी आठवत नसेल, तमिळनाडूत ६ ऑगस्टला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जागच्या जागी गेली. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली आला, त्यात साखळीला सरळ बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. पण मी भगताकडे जाणाऱ्यांना नुसती अंधश्रद्धाळू म्हणून शिवी देणार नाही. भगत दोन गल्ल्या सोडून होता, रात्री बारालाही यायचा, आणि मोठ्या मायशी तासभर बोलायचा. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, यातलं एकही खान्देशात नाही, जळगावहून सगळ्यात जवळचं गाठायचं तरी चारशे किलोमीटरच्या घरात. आता सिव्हिलला ओपीडी आहे, गोळ्या फुकट मिळतात, १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लागतो, २०२२ पासून. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मात्र ती सिव्हिल सुद्धा एक दिवसाची मजुरी बुडवून गाठावी लागते.

आणि यात बाई-बाप्या हा फरक बघा. पोरगा आजारी असेल तर त्याला बायको आणतात, इलाज म्हणून. सून आजारी पडली तर तिला माहेरी सोडून येतात, लेकरं ठेवून घेतात. रकाना दोघांसाठी सारखा छापला तरी चालणार एकीवरच आहे, मुलाकडच्यांना ‘होय’ लिहिलं तरी गरिबाघरची पोरगी मिळते, मुलीच्या बापाने ‘होय’ लिहिलं की फॉर्म बाजूला. हे जाहीर बोलत नाही कोणी, पण मेळाव्याला बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

आता त्या लेकराकडे येते. लपवणं कुठून सुरू होतं? सोयऱ्यांपासून नाही. माझ्या घरात ते माझ्यापासून सुरू झालं. “कोनले सांगू नको,” हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं, पण काय सांगू नको हे कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत पोरं मला “याडानी पोर” म्हणायची, म्हणजे सगळ्या गावाला माहीत, फक्त मलाच अधिकृतपणे माहीत नाही. मोठी माय म्हणायची बाहेरचं आहे. काकू म्हणायची तुझ्या आईनं काहीतरी खाऊ घातलं. असल्या आरोपांना तर मोठमोठ्या डॉक्टरांची साथ होती, १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान नावाच्या मोठ्या मानसोपचार डॉक्टरबाईंनी आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असं मांडलं आणि अमेरिकेत दोन-तीन दशकं आयांना त्यावरून गुन्हेगार ठरवत होते, नंतर ते सगळं टिकलं नाही म्हणून सोडून दिलं. तिकडे आई, इकडे बायको, खापर फोडायला बाईच. आणि सांगणारं कोणी नसलं की लेकरू स्वतःच कारण शोधतं, आणि लेकराच्या अकलेला जवळचं कारण एकच सापडतं, मीच काहीतरी केलं असणार. मी परीक्षेत नापास झाले नाही तर आप्पा बरे होतील असा माझा हिशोब होता. मी नापास कधीच झाले नाही.

आपला २०१७ चा कायदा चांगला आहे, त्यात पेशंटचे हक्क आहेत, विम्यात शारीरिक आजाराइतकीच वागणूक आहे, पण पेशंटच्या लेकराची त्याला आठवण होते ती मुख्यतः एका जागी, दवाखान्यात भरती असलेल्या बाईचं तीन वर्षांच्या आतलं मूल शक्यतो तिच्यापासून तोडू नये. ते योग्यच आहे. पण चार वर्षांचं, आठ वर्षांचं, जे रोज संध्याकाळी बापाने गोळी गिळली का गालात धरली ते बघतं, ते कोणाच्या खात्यात? नॉर्वेमध्ये २०१० पासून कायदाच आहे की पेशंटला लहान मुलं आहेत का हे दवाखान्याने विचारायचं आणि त्या मुलांना झेपेल अशी माहिती, मदत मिळते का ते बघायचं. याला काही फार यंत्रणा लागत नाही. केसपेपरवर एक ओळ लागते. आशाताई घरोघर जाऊन लसीचं विचारते, बाळंतपणाचं विचारते, तिला हे पण विचारायला शिकवता येईल. रकाना हवाच आहे ना? मग तो केसपेपरवर टाका.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की एवढ्याशा पोरांना सांगून त्यांचं बालपण कशाला नासवायचं. अहो पण पोरांना दिसतंच आहे ना. ताट फेकलेलं दिसतंय, आई रडलेली दिसतेय, मग तुम्ही गप्प राहून नक्की काय वाचवलंत? माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. तो पहिलीत असताना मीच त्याला बसवून सांगितलं, आईला न विचारता, की आप्पांना डोक्यात आवाज येतात, ते त्यांना खरे वाटतात, तुला येत नाहीत ते बरोबर आहे, हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि कधी भीती वाटली तर समोरच्या घरी पळायचं. त्याने विचारलं आवाज काय म्हणतात. मी म्हटलं मला काय माहीत, त्यांनाच विचार. तर हा पठ्ठ्या खरंच ओट्यावर जाऊन विचारून आला. आप्पांनी सांगितलंही, दोघं असतात, एक त्यातल्या त्यात बरा आहे, दुसरा फार शिव्या देतो. भाऊ म्हणाला मग बऱ्याचंच ऐकत जा ना. गोळ्या काही त्यामुळे सुटल्या नाहीत, महिन्याचं इंजेक्शनही सुटलं नाही, पण “आज लई शिव्या देतोय” हे आप्पा त्याला स्वतःहून सांगायला लागले, आणि असं सांगितलं की आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्यांना घेऊन जळगावला जायची, पूर्वी जसं सगळं पेटल्यावर जायची तसं नाही.